मंगळवारी दर्यावर दिसलेल्या होड्या

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावरून कोणी दर्यात जात नाही. त्या दिवशी दर्याचा देव विसावा घेतो. माणसं वाळूवर बसून जाळी दुरुस्त करतात आणि आठवडाभराची भांडणं मिटवतात.

*

कॅप्टन आसिएदू मासे खात नाहीत. बंदराचे सगळ्यात मोठे अधिकारी, आणि डब्यात रोज उकडलेली केळी नि अळूची भाजी.

*

नवं नायलॉनचं जाळं उलगडलं की हाताला रॉकेलसारखा वास लागतो. साबणाने जात नाही. खाऱ्या पाण्याने जातो, तोही सावकाश.

*

मी 'सासूबाई बघतायत'. मी इथे आहे. वेग दोन. तोंड दक्षिणेला.

*

फुसेनीला पोहता येत नाही.

*

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे: 'चाचणीच्या काळात सर्व होड्यांचे संदेश स्पष्टपणे मिळाले.' वाक्य खरं आहे.

*

आता सलग सांगते.

मोठं जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवरून स्वतःबद्दल बोलत असतं. मी अमुक, मी इथे आहे, या वेगाने या दिशेला चाललोय. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर त्याचा ठिपका होतो. आमच्या होड्या असं काही बोलत नसत. एका झाडाच्या खोडातून कोरलेली होडी, वर चढवलेल्या रंगीत फळ्या, मागे मोटार, आत दहा-बारा माणसं. रडारला ती लाटच वाटते.

मी अक्राच्या विद्यापीठात बसून या होड्यांसाठी एक पेटी बनवली. स्वस्त, पाणी न शिरणारी, केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्याएवढी. होडीच्या मागच्या टोकाला एक बांबू रोवायचा आणि त्यावर ती बांधायची, एवढंच. पेटी होडीचं नाव आणि जागा सांगत राहते. तिच्यावर मला डॉक्टरेट मिळाली.

माझा मामा, नी आफोटे, तेव्हा आमच्या क्पोंशीच्या किनाऱ्याचा मुखिया होता. दर्यातलं सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. कोण कुठे जाळं टाकणार, कोणाचं जाळं कोणी फाडलं, मंगळवार कोणी मोडला. पदवी घेऊन घरी गेले तेव्हा त्याने पेटी हातात घेऊन कानाला लावली.

"म्हणजे आता होडी स्वतःचं नाव ओरडत फिरणार?"

"हो मामा."

"आणि ऐकणार कोण?"

"बंदर."

"बंदराने आजवर आमचं काय ऐकलंय, पोरी?"

*

बंदराला ऐकायची गरज पडली ती नव्या बंधाऱ्यामुळे. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला बंधारा बांधला आणि जहाजांची आत यायची वाट सरकली. ती नेमकी आमच्या होड्यांच्या वाटेवरून जाऊ लागली. आता दोन्ही वाटा एकमेकींना कापत होत्या.

कॅप्टन आसिएदूंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर एक हुकूम तयार होता, फक्त सही बाकी होती. होड्यांनी बंधाऱ्याच्या बाहेरच्या टोकाला वळसा घालून जावं. म्हणजे इंधन दुप्पट, सकाळ निम्मी खलास. ज्यांच्या मोटारी जुन्या आहेत ते मासळीच्या जागेपर्यंत पोचणारच नाहीत, आणि क्पोंशीत जुन्या मोटारीच जास्त.

"मला होड्या अडवायची हौस नाही," कॅप्टन म्हणाले. "पण जे मला दिसत नाही ते मी सांभाळू शकत नाही. तुमच्या पेट्या लावा. तीन महिने. पण तुम्ही चालवायचं नाही. माझी रोजची माणसं चालवतील, रोजच्या कामात. तुम्ही मागे खुर्ची टाकून बसा. शेवटी माझी माणसं म्हणाली की होड्या दिसतात, तर वाट तुमची. नाही म्हणाली, तर सही."

मामाला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी बंधाऱ्याकडे बघितलं.

"माझ्या आधी या किनाऱ्यावर किती मुखिये झाले," तो म्हणाला. "दर्याची वाट एकानेही गमावली नाही."

*

पेट्या वाटल्या मंगळवारी. सगळे किनाऱ्यावर असतात म्हणून. माझं सगळं संशोधनही मंगळवारीच झालं होतं, त्याच कारणाने. होड्या वाळूवर, मालक मोकळे, बांबू रोवायला दहा हात. संदेश स्पष्ट मिळत. ते न मिळायला काही कारणच नव्हतं.

मी होडीवर चढून सगळ्यांना समजावलं. पेटी कशी चालू करायची, कशी पुसायची. शेवटी म्हटलं, "थोडक्यात काय, जहाजाखाली जाऊ नये असं जे वाटतं, त्यावर ही बांधायची."

सगळ्यांनी मान डोलावली. मामानेही.

*

मी 'देव उशिरा येतो'. मी इथे आहे. वेग चार.

मी 'कर्ज नाही'. मी इथे आहे. वेग शून्य.

मी 'कोणाला विचारलंस'. मी इथे आहे. वेग शून्य.

*

शेवटची मामाची होडी.

आमच्याकडे होडीला नाव देताना कोणी मागेपुढे पाहत नाही. मनात येईल ते रंगवतात. बंदराच्या मनोऱ्यावर या नावांनी पहिल्याच आठवड्यात धमाल उडवली.

मनोऱ्यावर सकाळपाळीला फुसेनी असे. तो उत्तरेचा, समुद्रापासून बसने दिवसभर लांब असलेल्या गावचा. जहाजांशी, म्हणजे त्यांना बंदरात आणणाऱ्या पायलटशी, रेडिओवर बोलायचं काम त्याचं. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे, ठरल्याप्रमाणे हाताची घडी घालून.

"पायलटसाहेब," फुसेनी रेडिओवर म्हणाला, "तुमच्या पुढे उजवीकडे 'सासूबाई बघतायत' आहे."

"कोण बघतंय?"

"सासूबाई."

"माझी की तुझी?"

"कोणाची का असेना साहेब, जरा लांबून जा."

जहाज लांबून गेलं. फुसेनी माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आजवर इतक्या मुकाट्याने पायलटने माझं कधी ऐकलं नव्हतं."

महिना गेला. ठिपके पडद्यावर येत, जात, काही एकाच जागी थांबत. थांबणाऱ्यांचं कोणाला नवल वाटलं नाही. गळ टाकून बसणाऱ्या होड्या नांगर टाकूनच बसतात. मनोऱ्यावरच्या माणसांना पडद्याची सवय झाली. दुर्बीण हुकाला अडकवलेलीच राहू लागली. मला तेच हवं होतं. वापरणाऱ्याला आपण काही नवीन वापरतोय हे आठवेनासं झालं की काम झालं, असं माझे प्राध्यापक म्हणत.

*

मग गव्हाचं जहाज आलं.

गुरुवार होता. वाटेच्या उजव्या अंगाला पडद्यावर चार ठिपके होते, स्थिर. डावीकडे पाणी मोकळं होतं. फुसेनीने पायलटला सांगितलं, जरा डावं धरा. पायलटने धरलं.

मग का कोण जाणे, फुसेनीने हुकाची दुर्बीण काढली आणि डोळ्याला लावली. लावली आणि उठून उभाच राहिला.

डावीकडे तीन होड्या होत्या. माणसं उभी राहून टोप्या, टॉवेल, मिळेल ते हलवत होती. एकाने वल्हं डोक्यावर धरलं होतं. फुसेनीने रेडिओवर जे ओरडायचं ते ओरडलं. जहाज एवढ्या कमी अंतरात वळत नाही, पण थोडं वळलं. होड्या थोड्या सरकल्या. जहाजाच्या मागची लाट त्यांच्यात शिरली आणि ते पातेल्यांनी पाणी उपसत बसले. कोणाला काही झालं नाही.

फुसेनी खाली बसला. दुर्बीण माझ्याकडे दिली.

"मधल्या होडीचं नाव वाचा."

निळ्यावर पिवळं: 'सासूबाई बघतायत'.

मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. वाटेच्या पलीकडे, उजवीकडे, स्थिर ठिपका: 'सासूबाई बघतायत'.

"माणसाला दोन सासवा असू शकतात, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "पण एका होडीला एका वेळी दोन जागा?"

 

*

कॅप्टन आसिएदू ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "एक तर तुमच्या पेट्या खोटं बोलतात, नाहीतर तुमची माणसं. मला दोन्ही चालणार नाही. मंगळवारी दुपारी बसू. तोवर कारण शोधा. कारण आणि उपाय, दोन्ही. नुसतं कारण असेल तर मी सही करतो."

मी पेट्यांवर संशय घेतला. दुसरं काय करणार? पेट्या माझ्या होत्या. चार दिवस मी उपग्रहांची गणितं तपासली, खोलीत ठेवलेली पेटी मोजून पाहिली, मनोऱ्याचा अँटेना उतरवून पुन्हा चढवला. सगळं बरोबर होतं. बरोबर असण्याचा इतका वैताग मला कधी आला नव्हता.

मंगळवारी सकाळी मनोऱ्यावर गेले. फुसेनी खुर्ची मागे सरकवून पडद्याकडे बघत होता. चहा तसाच होता.

"आज मंगळवार ना?" त्याने विचारलं.

"हो."

"तुमच्या लोकांनी मंगळवार सोडला की काय?"

बंधाऱ्याच्या बाहेर डझनभर ठिपके होते. आधीच्या मंगळवारीही असणार, पण मी तेव्हा किनाऱ्यावर असायचे आणि इथे कोणी वार मोजत नव्हतं. मी खिडकीशी जाऊन दुर्बीण लावली. दर्या एकदम रिकामा, क्षितिजापर्यंत. पुन्हा पडद्याकडे आले. ठिपके तिथेच. मी एकेक नाव वाचत गेले. 'कर्ज नाही'. 'देव उशिरा येतो'. 'सासूबाई बघतायत'. सगळ्यात दक्षिणेला, 'कोणाला विचारलंस'.

*

किनाऱ्यावर सगळ्या होड्या वाळूवर होत्या, ओळीने. मी मामाच्या होडीच्या मागच्या टोकाला गेले. बांबू होता. त्यावर पेटी नव्हती, फक्त मी बांधलेल्या दोरीची खूण होती.

मामा होडीच्या सावलीत बसून जाळ्याची भोकं सांधत होता. पाय पसरलेले, जाळं अंगठ्यात अडकवलेलं.

"मामा, पेटी कुठाय?"

"आहे."

"कुठे?"

"तू सांगितलंस तिथे."

"मी होडीवर सांगितलं होतं."

"तू म्हणालीस, जहाजाखाली जाऊ नये असं जे वाटतं त्यावर बांधा." त्याने सुई ओढून गाठ घट्ट केली. "होडीत आम्ही असतो. जहाज आलं तर आम्हाला डोळे आहेत, हात आहेत, मोटार आहे. शिव्या आहेत. जाळ्याला काय आहे? जाळं तिथे पाण्यात एकटं असतं. जहाज त्याच्यावरून जातं आणि जहाजाला कळतही नाही. वर्षाला दोन जाळी जायची माझी. जाळ्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या काठीला पेटी बांधली तेव्हापासून एकाचंही जाळं तुटलेलं नाही. विचार कोणालाही."

मी वाळूवर बसले. चार दिवस मी उपग्रहांना दोष देत होते.

पेट्या बरोबर होत्या. ठिपके बरोबर होते. जहाजं महिनाभर आमच्या जाळ्यांना सांभाळून, वळसे घेत जात होती. आणि होड्या पुन्हा पूर्वीसारख्या कोणालाच दिसत नव्हत्या. उलट पूर्वी निदान दुर्बीण तरी हातात असायची.

"मामा," मी म्हटलं, "उपाय सोपा आहे. हे दुपारी सांगता येईल. वाट वाचेल."

"मग झालं तर."

"पण आज मंगळवार आहे."

सुई थांबली.

"आणि जाळी आज दर्यात आहेत," मी म्हटलं. "तुझंही."

 शेजारच्या होडीवर कोणीतरी रेडिओवर फुटबॉल ऐकत होतं.

"सोमवारी संध्याकाळी टाकतात," शेवटी तो म्हणाला. "बुधवारी पहाटे काढतात. मंगळवारी माणूस घरीच असतो. माणूस जात नाही."

"आणि जाळं?"

"जाळं काय, पडून असतं."

"मासे धरत."

"मासे आले तर त्यांना नको म्हणता येतं का?" तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "कुठला मासा कुठल्या दिवशी जाळ्यात आला हे दर्याचा देव मोजत बसत नाही, पोरी."

"किती जण असं करतात?"

त्याने किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"मी कोणाला विचारत नाही. मला कोणी विचारत नाही."

मंगळवार मोडणाऱ्याला दंड करायचं काम त्याचं होतं.

*

दुपारच्या बैठकीत मी काय सांगणार त्याचं पहिलं वाक्य, मामाच्या शेजारी वाळूवर बसून मनात केलेलं:

'पेट्यांमध्ये तांत्रिक दोष आढळला आहे.'

(मग चाचणी फसली. सही. वाट गेली. मामाची लाज राहिली.)

'काही पेट्या अनवधानाने दुसऱ्या जागी बसवल्या गेल्या.'

(कॅप्टन विचारणार, कुठे? आणि आज होड्या वाळूवर असताना ठिपके दर्यात कसे?)

'पेट्या जाळ्यांवर आहेत, आणि जाळी मंगळवारी दर्यात आहेत.'

(वाट वाचली. मामा संपला.)

'मला कारण सापडलं नाही.'

(पहिल्यासारखंच. फक्त खोटं थोडं कमी.)

*

"पहिलं सांग," असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. मी त्याला सगळी वाक्यं मोठ्याने म्हणून दाखवली. तो तसं म्हणाला नाही.

"कॅप्टनला मंगळवाराचं काय?" मी म्हटलं. "ते दूर आतल्या कुमासीकडचे. त्यांना आपला देव ठाऊकही नाही. त्यांना खरं सांगते. इकडे कशाला कळेल?"

"मनोऱ्याच्या फाटकावर कोण बसतो?"

"ओकपोटीकाकांचा मुलगा."

"झाडू कोण मारते?"

झाडणारी कोण ते मला ठाऊक होतं. तिची आणि माझी आई सख्ख्या मैत्रिणी.

"म्हणजे तू मनोरा उतरायच्या आत इथे कळणार," मामा म्हणाला. "ते नको. त्यांनी बंदराकडून ऐकायचं, ते नको." त्याने अंगठ्यातून जाळं सोडवलं, घडी घातली. "चल, धर हात. पायांना मुंग्या आल्यात."

मंगळवारचा न्याय नारळाच्या झापांखालच्या मांडवात होतो. त्या दिवशी एका तुटलेल्या नांगराचं भांडण चाललं होतं. मामा आपल्या जागेवर बसला नाही. तो मध्ये उभा राहिला आणि त्याने सांगितलं. पेटीचं आधी, मग वाटेचं, मग सोमवारचं. इतरांची नावं घेतली नाहीत. म्हणाला, "माझं जाळं आत्ता दर्यात आहे. बंदराच्या पडद्यावर माझ्या होडीच्या नावाने दिसतंय."

 माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. मी बघत होते की कोण कोण पायांकडे बघतंय. जवळजवळ सगळेच.

बोलली ती मा देदेई. मासे धुरावर वाळवणाऱ्या बायकांची ती प्रमुख. तिच्याशिवाय इथली मासळी बाजाराचं तोंड बघत नाही.

"तुम्हा बाप्यांना काय वाटतं," ती म्हणाली, "मी इतकी वर्षं बुधवारचे मासे हातात घेतेय, मला डोळे नाहीत? पहाटे जाल, सूर्य वर यायच्या आत टोपल्या भरून परत! मासे काय तुमची वाट बघत रांगेत उभे होते?"

मागून कोणीतरी हसलं. तिने तिकडे बघितल्यावर हसू थांबलं.

"मग बोलली का नाहीस?" एक म्हातारा म्हणाला.

"कारण ते मी विकलेही," मा देदेई म्हणाली. "आता विचारलंच आहेस तर."

मुखियाची काठी मामाने स्वतःच खाली ठेवली. कोणी मागितली नव्हती. दंड म्हणून बकरा आणि श्नॅप दारूची बाटली त्याच्याकडून, असं ठरलं. बाटली किनाऱ्यावर ओतायची, बकऱ्याचं बाकीच्यांनी बघायचं. मग एकेक माणूस उठून म्हणू लागला, माझ्याकडूनही बाटली. माझ्याकडूनही. मा देदेई म्हणाली, "इतकी दारू ओतलीत तर देव बुधवारीही उठायचा नाही."

*

मामा माझ्याबरोबर मनोऱ्यावर आला. जिने चढताना दोनदा थांबला. अंगावर अंत्यविधीला नेसतात तसं चांगलं कापड होतं, पायात चपला.

कॅप्टन आसिएदूंनी त्याला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. तिसरं वाक्य, जसंच्या तसं. फुसेनी पडद्याकडे तोंड करून बसला होता, पण त्याचे कान मागे होते.

मामा उठून पडद्याजवळ गेला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तो बघितला. दक्षिणेकडचा ठिपका शोधायला त्याला वेळ लागला.

"हा मी?"

"तुमचं जाळं," फुसेनी म्हणाला.

"हे पुसता येतं का?"

"जाळं वर काढलं की आपोआप पुसलं जाईल, मामा," मी म्हटलं.

"आज काढायला जाता येणार नाही."

"नाही."

"मग उद्यापर्यंत हे असंच दिसणार."

"हो."

त्याने मान हलवली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. कॅप्टन त्याच्याकडे बघत होते. मला वाटतं त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण समोरच्या माणसाने काहीतरी मोठं खाली ठेवलंय एवढं कळलं होतं.

"नी आफोटे," ते म्हणाले, "मला एकच सांगा. उद्यापासून होडीची पेटी होडीवर राहील?"

"जाळ्यासाठी दुसरी द्याल?"

"जाळ्यासाठी?"

"दिली नाहीत तर काही दिवस राहील होडीवर. मग एखाद्याचं जाळं जाईल, आणि पेटी पुन्हा बोयावर जाईल. मी आत्ता हो म्हणेन. पण माझं आता तिकडे कोण ऐकणार? आणि ते चुकत नाहीत, साहेब. होडी वाचली आणि जाळं गेलं तर त्या होडीचं करायचं काय?"

कॅप्टन खिडकीशी गेले. "गेल्या वर्षी दोन जहाजांच्या पंख्यात जाळं अडकलं," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "पाणबुडे बोलवावे लागले." मग माझ्याकडे वळले. "पडद्यावर होडी वेगळी आणि जाळं वेगळं दाखवता येईल?"

प्रबंधात जाळ्यांबद्दल एक शब्द नव्हता. "येईल," मी म्हटलं. "पेटी नुसतं नाव आणि 'मी इथे आहे' म्हणते. आता मी होडी की जाळं तेही म्हणेल. होडीला गोल, जाळ्याला चौकोन."

"आणि तोवर?"

"तोवर दुर्बीण, साहेब," फुसेनी म्हणाला. "मी हातातून सोडत नाही."

कॅप्टननी हुकूम फायलीत घातला. "सही तीन महिने झाल्यावर बघू," ते म्हणाले. "आधी नाही."

मामा दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आणखी एक, साहेब. मंगळवारी तुमच्या पडद्यावर जाळं दिसलं, तर किनाऱ्यावर फोन करा."

"तुम्हाला?"

"जो मुखिया असेल त्याला."

*

मी 'कोणाला विचारलंस'. होडी. मी इथे आहे. वेग पाच.

मी 'कोणाला विचारलंस'. जाळं. मी इथे आहे. वेग नाही.

*

तीन महिने झाले, त्यानंतर आणखी झाले. हुकमावर सही झाली नाही. होड्या अजून जुन्याच वाटेने जातात, जहाजांची वाट काटकोनात कापून, आणि मनोऱ्यावरचा माणूस जांभई देत गोल आणि चौकोन बघतो. आता तिथे कोणी मला पेटीबद्दल काही विचारत नाही. मागची खुर्चीही कोणीतरी दुसरीकडे नेली.

दर मंगळवारी सकाळी फुसेनी नव्या मुखियाला, लार्येआला, फोन करतो. बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "पडदा रिकामा. झोपा निवांत." कधीमधी एखादा चौकोन असतो. मग तो नाव सांगतो आणि संध्याकाळी किनाऱ्यावर एक बाटली येते. बंदराच्या रोजच्या कामांत हा फोन लिहिलेला आहे, जहाजांच्या वेळा आणि भरती-ओहोटीच्या खाली. कॅप्टन आसिएदूंनीच तो घालायला लावला.

मामा अजून दर्यात जातो. मांडवात तो आता मागे, खांबाला टेकून बसतो, आणि त्याला कोणी काही विचारलं तरच बोलतो. विचारतात अधूनमधून.

त्याचं जाळं पहिल्यांदा सोमवारी दर्यात राहिलं, तेव्हा मोटार बंद पडली होती आणि तो वल्हवत घरी आला होता; बुधवारी ते भरून निघालं.